आतली बाजू, बाहेरची बाजू

त्या सकाळी पेशी वाढवायच्या डिशवरची लेबलं मी तीनदा वाचली. ‘आ’ म्हणजे गुडघ्याची आतली बाजू, ‘बा’ म्हणजे बाहेरची. अदलाबदल झाली असणार, दुसरं काय!

दहा-बारा दिवसांपूर्वी पुण्यातल्या एका ऑपरेशन थिएटरबाहेर मी बर्फाचा डबा घेऊन उभी होते. मावळातल्या एका आजींचा उजवा गुडघा बदलत होते. त्यात हाडाचे, वरच्या कूर्चेसकट म्हणजे सांध्यातल्या गादीसकट, जे काप निघतात ते एरवी फेकले जातात. आम्ही ते संशोधनासाठी मागून घेतो. संमतीपत्रावर अंगठा उठवण्याआधी आजी म्हणाल्या होत्या, “टाकूनच द्यायचंय तर ने की. पर त्यातनं नवी गादी उगवंल का गं?” मी “बघू या, आजी” म्हणाले. हे काही उत्तर नव्हे, हे त्यांनाही कळलं असणार.

आजींचे पाय धनुकलीसारखे वाकलेले. अशा पायांत सगळा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतो, त्यामुळे एकाच सांध्यात झिजेच्या दोन अवस्था सापडतात. बाहेरची कूर्चा ओल्या खोबऱ्यासारखी पांढरी, गुळगुळीत. आतली पिवळट, चिरा पडलेली, आणि मध्ये तर नुसतं हाड, तेही घासून घासून हस्तिदंतासारखं चकाकणारं.

कूर्चेत ना रक्तवाहिन्या ना मज्जातंतू, म्हणून ती भरून येत नाही, असं आम्हाला शिकवलेलं. पण २००४ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफच्या संशोधकांना वासरांच्या कूर्चेच्या अगदी वरच्या थरात मूलपेशी, म्हणजे विभागत राहून नव्या पेशी देणाऱ्या पेशी, सापडल्या. त्या पकडायची त्यांची युक्ती आम्ही अजून वापरतो. कूर्चा एन्झाइममध्ये विरघळवून पेशी सुट्या करायच्या, फायब्रोनेक्टिन हे चिकट प्रथिन लावलेल्या डिशवर सोडायच्या आणि २० मिनिटांत ज्या चिकटणार नाहीत त्या धुऊन टाकायच्या. उरलेल्यांपैकी दहा दिवसांत ज्या एकीच्या ३२ हून जास्त होतात, म्हणजे पाच विभागण्या पार करतात, तिची वसाहत धरायची.

वरचा थरच झिजलेल्या ‘आ’मध्ये वसाहती फारशा नसणार, असं मी गृहीत धरलं होतं. दोन्हींत पेशी सारख्याच मोजून घातल्या होत्या. तरी ‘आ’मध्ये कितीतरी जास्त!

मार्गदर्शकांकडे धावत गेले. त्यांनी हातातला चहासुद्धा खाली ठेवला नाही. “लेबलं बरोबर आहेत. २००९ चं जर्मनीतल्या ग्योटिंगेनचं काम वाचलं नाहीस वाटतं?” नव्हतं वाचलं. सांधेझिजेच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या कूर्चेत तिथल्या गटाला सरकत जाणाऱ्या मूलपेशी दिसल्या होत्या. (वाचायच्या यादीत तो लेख वर्षभर पडून होता. असो.)

म्हणजे गादी झिजताना आत सामसूम नसते, डागडुजीची धडपड चालू असते. मी हरखलेच. आजींना सांगायला उत्तर मिळालं, असं वाटलं.

हा आनंद जेमतेम महिनाभर टिकला. पेशी एका फ्लास्कमधून दुसऱ्यात वाढवत नेताना ‘आ’च्या काही वसाहती चांगल्या चालल्या, पण बऱ्याचशा लवकरच थबकल्या. पेशी पसरट झाल्या आणि वार्धक्य दाखवणाऱ्या रंगात निळ्याशार पडल्या. वर, अशा सांध्यात जी डागडुजी होते तिच्यात पहिल्या प्रकारचं कोलॅजेन (शरीराला बांधून ठेवणारं प्रथिन) जास्त असतं, म्हणजे जखमेच्या व्रणासारखा चट्टाच तो. गुळगुळीत कूर्चेला लागतं दुसऱ्या प्रकारचं. एका गुडघ्यावरून काही ठरत नाही हे खरं, पण नंतरच्या नमुन्यांतही मला थोड्याफार फरकाने हेच दिसलं.

तपासणीला आलेल्या आजी ओपीडीच्या बाकावर भेटल्या. “उगवली का गं?”

“पेशी उगवतात आजी, पण लवकर म्हाताऱ्या होतात.”

आजी हसल्या. मग डावा गुडघा चोळत म्हणाल्या, “मग ह्यातल्या किती झाल्यात, ते बघ की.”

ते बघायला गुडघा उघडावा लागतो, हे मी त्यांना सांगितलं.

“मग ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या.