ग्रीनलंड शार्क आणि खडकावरचे दगडफूल

बडोद्यातल्या मराठी घरांत गोड्या मसाल्यासाठी भाजले जाणारे दगडफूल ही एक वनस्पती नाही. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार असतो. त्याच्या दूरच्या नात्यातले ऱ्हायझोकार्पन जिओग्राफिकम थंड प्रदेशांतल्या खडकांवर पिवळसर हिरव्या, काळ्या रेषांनी विभागलेल्या नकाशासारखे पसरते. ग्रीनलंड शार्कशी त्याची तुलना मला महत्त्वाची वाटते, कारण दोघेही कमालीचे सावकाश वाढतात, परंतु दोघांचे वय अगदी वेगळ्या ठिकाणी वाचावे लागते.

अनेक शार्कांचे वय मणक्यांवरच्या वलयांवरून काढतात. ग्रीनलंड शार्कचे मणके मात्र इतके मऊ असतात की त्यांचा उपयोग होत नाही. म्हणून ज्युलियस नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डोळ्याच्या भिंगाचा गाभा तपासला. हा गाभा जन्मापूर्वीच घडतो आणि त्यातली प्रथिने पुढे बदलत नाहीत, त्यामुळे त्यातला किरणोत्सारी कार्बन, म्हणजे काळाबरोबर ठरावीक गतीने घटत जाणारा कार्बन, जन्मकाळाची साक्ष देतो. तपासलेल्या 28 माद्यांपैकी सर्वांत मोठी, 502 सेंटिमीटर लांबीची मादी सुमारे 392 वर्षांची ठरली, आणि या अंदाजात 120 वर्षे अधिकउणे होऊ शकतात. बातम्यांत बहुधा मोठाच आकडा मिरवला जातो, हे मला खटकते. किमान 272 वर्षे धरली तरी तिचा जन्म दमाजीराव गायकवाड पानिपतावर लढले त्या 1761 सालाच्या आधीचा ठरतो, आणि तेवढेही थक्क करणारे आहे.

खडकावरच्या या दगडफुलाचे वय त्याच्या बाहेरच्या, पसरत जाणाऱ्या कडेत वाचावे लागते. वर्षाकाठी एक मिलिमीटरहूनही कमी वाढणाऱ्या या जिवाचा व्यास मोजून हिमनदी मागे सरल्यावर खडक केव्हा उघडा पडला, हे सांगण्याची पद्धत रोलंड बेशेल यांनी 1950 च्या सुमारास मांडली. वाढीचा वेग ठरवायला ज्यांचे साल ठाऊक आहे अशा थडग्यांवरची दगडफुले उपयोगी पडतात. येथे मोजपट्टी पुरते आणि जीव जागच्या जागी राहतो. शार्कचे भिंग मात्र मेलेल्या देहातूनच काढावे लागते.

चिवटपणातही दोघांत मोठे अंतर आहे. हेच दगडफूल 2005 मध्ये उघड्या अंतराळात सुमारे दोन आठवडे राहून जिवंत परतले. ग्रीनलंड शार्कची मादी प्रजननक्षम व्हायला अंदाजे 150 वर्षे घेते; म्हणूनच इतर मासळीसाठी टाकलेल्या जाळ्यात सापडलेली मादी जिवंत सोडण्याची सक्ती सर्वत्र असावी, असे माझे ठाम मत आहे.