ईडीसीशिवायही निळा रंग आला तेव्हा

सांगलीच्या आमच्या लॅबमध्ये एक संशोधक विद्यार्थिनी पॉलिस्टायरीनच्या चकत्या घेऊन आली. चकत्यांवर पॉलिअ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिडचा थर आणि त्यावर आयजीजी अँटीबॉडी. तिला चिकटणारी, एचआरपी एन्झाइम जोडलेली दुसरी अँटीबॉडी लावून टीएमबी (त्या एन्झाइमनं निळं होणारं रसायन) घातलं की द्रावण छान निळं होई. पण ईडीसी (थरावरचे आम्लगट आणि अँटीबॉडीवरचे अमाइन गट पक्क्या बंधानं जोडणारं रसायन) न घातलेल्या कंट्रोलचं, म्हणजे तुलनेच्या चकत्यांचं, द्रावणही जवळपास तेवढंच निळं! म्हणजे अँटीबॉडी बंधानं जोडलेली नव्हती, नुसती चिकटली होती. ट्वीन या सौम्य डिटर्जंटच्या धुण्यानं अशी अँटीबॉडी हटत नाही. १ टक्का एसडीएस या कडक डिटर्जंटमध्ये अर्धा तास हलवून, पीबीएसनं (फॉस्फेटच्या खारट बफरनं) नीट धुऊन पुन्हा पाहिलं, तर दोन्हींचा रंग गेला. एसडीएसनं अँटीबॉडीही थोडी बिघडते, त्यामुळे आकडा जरा घसरणारच. बघायचा तो दोन्हींतला फरक, आणि इथे फरकच उरला नव्हता.

ईडीसी ताजं होतं, पीएचही बरोबर. मग अँटीबॉडी कशात आहे ते विचारलं आणि उलगडा झाला. अँटीबॉडी पकडणाऱ्या प्रोटीन-ए कॉलमवरून ०.१ मोलर ग्लायसिननं काढलेली, ट्रिसनं उदासीन केलेली आणि तशीच वापरलेली. ग्लायसिन आणि ट्रिस दोन्हींत अमाइन असतं, म्हणजे ईडीसीमुळे अँटीबॉडीऐवजी तेच थराला जोडले जातात. १ मिग्रॅ/मिली साठा वीसपट पातळ केला तरी ग्लायसिन ५ मिलिमोलर उरतं आणि अँटीबॉडी जेमतेम ०.३३ मायक्रोमोलर. एका अँटीबॉडीमागे ग्लायसिनचे पंधरा हजार रेणू! तिच्यावरचे अमाइनवाले लायसिन ऐंशीच्या आसपास धरले तरी थरावरच्या जागा ग्लायसिनच पटकावणार.

लहान रेणू वेगळे काढणाऱ्या सेफाडेक्स जी-२५ च्या कॉलममधून अँटीबॉडी पीबीएसमध्ये घेतली. त्यात ती पातळ होते, म्हणून २८० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणावरून पुन्हा मोजली (१ मिग्रॅ/मिलीला शोषण साधारण १.४). चकत्या ०.१ मोलर एमईएस बफर, पीएच ५.५ मध्ये, १० मिलीला ईडीसी ३.८ मिग्रॅ, सल्फो-एनएचएस (थरावरच्या आम्लगटाचा अमाइनशी जुळणारा एस्टर बनवणारं) १०.९ मिग्रॅ, १५ मिनिटं. मग थंड एमईएसनं भराभर धुवायचं, कारण पीएच चढला की एनएचएस एस्टर पाण्यानंच तुटत जातो. लगेच ५० मायक्रोग्रॅम/मिली अँटीबॉडी, पीएच ७.४, दोन तास. उरलेल्या जागा १ मोलर इथॅनॉलअमाइननं, पीएच ८.५ ला बंद केल्या.

या वेळी एसडीएसनंतरही ईडीसीवाल्या चकत्यांच्या द्रावणाला ठळक निळा रंग आला, कंट्रोल जवळजवळ बिनरंगी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ईडीसीची बाटली फ्रीझरमधून काढून लगेच उघडू नये. खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण काढावं, नाहीतर दमट हवेतलं पाणी आत भुकटीवर जमतं आणि ईडीसी निकामी होत जातं.