गुण येईपर्यंत

२ ऑगस्ट २०२४ रोजी रात्री जेवणानंतर मी लॅमोट्रिजिन या मनाच्या आजारावरच्या औषधाची पहिली गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा वाजता सासूबाईंनी चहाचा कप पुढे करत विचारले, "गुण आला का गं?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांच्या अनुभवात तापाचे औषध घेतले की रात्रीतून घाम येऊन ताप उतरतो आणि पोटदुखीवरचा काढा तासाभरात कळतो. मग डोंबिवलीहून ठाण्याला जाऊन, तासभर थांबून, एवढी फी देऊन आणलेल्या गोळीने निदान सकाळपर्यंत काहीतरी करून दाखवावे, ही अपेक्षा अवाजवी कशी म्हणावी? मी "अजून नाही, आई" असे म्हटले. हेच उत्तर पुढचे कित्येक आठवडे मी रोज देणार आहे, हे तेव्हा आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हते.

थोडे मागे जाते. त्याआधीची सहा-सात वर्षे माझ्यावर साध्या नैराश्याचे उपचार चालू होते. गोळ्यांनी बरे वाटायचे, सोडल्या की पुन्हा तेच. त्या वर्षीच्या मार्चमध्ये गोळीची मात्रा वाढवल्यानंतर मात्र मी नऊ दिवस जेमतेम तीन-तीन तास झोपून ताजीतवानी राहिले, कार्यालयातील वर्षअखेरीची सगळी कामे मीच करते असे सांगून बसले आणि एका संध्याकाळी कोणाला न विचारता चार पैठण्यांची मागणी नोंदवली. घरच्यांना वाटले, पोरगी सुधारली. नंतर जी घसरण झाली ती आधीच्या सगळ्यांपेक्षा खोल होती. नव्या डॉक्टरांनी ते नऊ दिवस अगदी तपशिलाने विचारून घेतले आणि सांगितले की हा दुसऱ्या प्रकारचा बायपोलर, म्हणजे मन आलटून पालटून वर-खाली जाण्याचा, आजार आहे. यात वर जाणे सौम्य असते, त्यामुळे ते आजार म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, आणि खाली जाणे मात्र लांबलचक असते. नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी अशा माणसाचा तोल वरच्या बाजूला जाऊ शकतो, म्हणून मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध, ज्याला सगळेच मूड स्टॅबिलायझर म्हणतात, ते सुरू करायचे ठरले.

औषधाच्या दुकानात चिठ्ठी दिली तेव्हा काउंटरवरच्या मुलाने सहज विचारले, "फिट कोणाला येतात, काकू?" लॅमोट्रिजिन हे मुळात अपस्माराचे औषध आहे. अमेरिकेत त्याला १९९४ मध्ये अपस्मारासाठी आणि २००३ मध्ये बायपोलर आजारासाठी मान्यता मिळाली. मेंदूतील चेतापेशींच्या सोडियमच्या वाटांवर ते काम करते आणि पेशींची अतिउत्तेजना आवरते. मनाच्या आजारात त्याचा खरा लौकिक आहे तो खालच्या बाजूची घसरण पुन्हा पुन्हा होऊ न देण्याबद्दल. चालू घसरणीतून माणसाला झटकन वर काढण्याबद्दल नव्हे. डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत सांगितले होते. मी ते ऐकले होते, पण ऐकणे आणि पचणे यांत अंतर असते.

या औषधाची पायरी ठरलेली आहे. पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०, पाचव्या आठवड्यात १०० आणि सहाव्यापासून २००. सोबत व्हॅल्प्रोएट हे याच आजारावरचे दुसरे औषध चालू असेल तर ही चढण याच्याही निम्म्या मात्रेने करावी लागते. इतक्या सावकाशीचे कारण त्वचेवरचे पुरळ. मात्रा एकदम मोठी घेतली किंवा भराभर वाढवली तर काही जणांना साध्या पुरळावर न थांबता कातडी आणि तोंडाच्या आतील आवरण सोलवटून काढणारा, जिवावर बेतणारा विकार होऊ शकतो. बायपोलर आजारासाठी हे औषध घेणाऱ्या प्रौढांमध्ये तशा गंभीर पुरळाचे प्रमाण हजारात साधारण एक आहे. पण ऑगस्टमधल्या डोंबिवलीत, डासांच्या राज्यात, हातावर उठलेली प्रत्येक लाल गांधी ही हजारातली ती एकच आहे की काय, अशी शंका येत असे. रात्री मोबाइलच्या टॉर्चमध्ये दंड, पोट आणि टाचा तपासणे हा माझा नित्यक्रम झाला. एकदा ओठाच्या आत फोड आला म्हणून मी घाबरून डॉक्टरांकडे गेले, तर तो गरम साबुदाणा खिचडीने पोळल्याचा निघाला.

माझी खरी अडचण वेगळीच होती. पहिल्या महिन्यात आपण जी मात्रा घेतो ती गुण येण्यासाठी नसतेच; ती शरीराला औषधाची ओळख करून देण्यासाठी असते. म्हणजे वीस दिवस नेमाने गोळी घेऊनही काही वाटत नाही, यावरून औषध निकामी आहे असेही म्हणता येत नाही आणि लागू पडते आहे असेही नाही. मी एका पतपेढीत हिशेब पाहते. वर्षाचा ताळेबंद मांडण्याआधी कोणी नफा विचारला तर आम्ही त्याला थांबायला सांगतो आणि त्यात आम्हाला काही वावगे वाटत नाही. पण स्वतःच्या बाबतीत, सकाळी दात घासण्यासाठी ब्रशवर पेस्ट लावून पंधरा मिनिटे बेसिनपाशी नुसतेच उभे राहणाऱ्या माणसाला "ताळेबंद ऑक्टोबरमध्ये" हे सांगणे किती जड असते, ते मला त्या ऑगस्टमध्ये कळले. फलाटावर उभी राहून मी तीन-तीन लोकल सोडत असे. गर्दी नेहमीचीच होती, पाय उचलायचा कोणी हा प्रश्न होता.

डॉक्टरांनी मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारले होते. झोपेतच सगळे संपावे असे वाटते, एवढे मी सांगितले. त्यावर त्यांनी कोणताही उपदेश न करता दोन गोष्टी केल्या. गोळ्यांचा साठा नवऱ्याच्या ताब्यात दिला, त्यातून तो मला आठवड्याच्या गोळ्या एका स्टीलच्या डबीत काढून देणार. आणि वहीच्या पहिल्या पानावर त्यांचा स्वतःचा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहायला लावला. औषधाने अंगात थोडी ताकद येते पण मन अजून उचल खात नाही, असा एक टप्पा येऊ शकतो आणि त्यात घरच्यांनी अधिक जागे राहायचे असते, हे त्यांनी नवऱ्याला माझ्यादेखत सांगितले. मला ते आवडले. माझ्यामागे कुजबुज झाली असती तर मी त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढले नसते.

वहीचे काम असे होते की मी रोज रात्री झोपेचे तास आणि मनाला दहापैकी गुण लिहायचे आणि नवऱ्याने माझ्याकडे पाहून त्याच्या मते किती, ते शेवटच्या पानाकडून वेगळे लिहायचे. एकमेकांचे वाचायचे नाही. मी बहुतेक दिवस दोन लिहीत असे.

आता घोळ सांगते, आणि तो सर्वस्वी माझा आहे. त्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. आमचा गणपती रत्नागिरी जिल्ह्यातील गावी, गौरींबरोबर जाणारा. ५ तारखेच्या रात्रीच्या गाडीने आम्ही निघालो. मोदकाचे साचे, सासूबाईंची नऊवारी, कापूर, वाती, सगळे आठवणीने घेतले आणि ती स्टीलची डबी फ्रिजवर राहिली. मी १०० मिलिग्रॅमवर होते, दुसऱ्या दिवसापासून २०० व्हायची होती. पनवेल सुटताना मला ते आठवले आणि मी काहीच बोलले नाही. का बोलले नाही, याचे उत्तर ज्याने हा आजार काढला आहे त्याला विचारावे लागणार नाही. इतरांना एवढेच सांगते की "गोळ्या राहिल्या" ही दोन शब्दांची गोष्ट तोंडातून काढणे मला त्या वेळी घरभर आलेल्या पाहुण्यांसाठी एकटीने मोदक वळण्याहून अवघड वाटले. शिवाय मनात एक लबाड हिशेबही होता: नाहीतरी गुण येतच नाही, तर आठ दिवसांनी काय बिघडणार?

१३ तारखेला सकाळी घरी आल्यावर नवऱ्याने फ्रिजवरची डबी पाहिली. तो ओरडला नाही. त्याने डबी माझ्यासमोर ठेवली आणि डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितले की हे औषध रक्तात निम्मे व्हायला साधारण एक ते सव्वा दिवस लागतो. असे पाच वेळा निम्मे झाले की ते जवळजवळ नसल्यासारखेच असते आणि तेवढा खंड पडला की जिथे सोडले तिथून सुरू करता येत नाही, पुन्हा २५ पासून चढावे लागते, कारण पुरळाचा धोका पुन्हा पहिल्यासारखा होतो. मला ते ताबडतोब समजले. घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा आम्ही असाच काढतो. शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, मग साडेबारा, सव्वासहा, तीन; आठ रात्रींनी वहीत नावापुरता एक रुपया उरतो तसे. मागच्या पाच आठवड्यांची सगळी चढण पुसली गेली होती.

त्या दिवसांत मी काहीबाही वाचत असे आणि लिथियम या जुन्या मूड स्टॅबिलायझरची गोष्ट तेव्हाच वाचनात आली. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ मध्ये लिथियमवरचा त्यांचा लेख प्रसिद्ध केला, तिथून या औषधांचा आधुनिक इतिहास सुरू होतो. त्यांचा पहिला रुग्ण पाच वर्षे उन्मादाच्या अवस्थेत रुग्णालयात होता. मार्च १९४८ च्या अखेरीस त्याला लिथियम सुरू झाले, जुलैमध्ये तो घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला, हळूहळू औषधाची हयगय करू लागला, मग ते सोडलेच आणि १९४९ च्या जानेवारीत पुन्हा दाखल झाला. त्याच लेखात नैराश्याचे तीन रुग्ण होते आणि त्यांना लिथियमचा फारसा उपयोग झाला नव्हता. मला त्या पहिल्या रुग्णाबद्दल सगळ्यांना वाटते तशी हळहळ वाटली, पण त्या तिघांबद्दल अधिक वाटली. वर गेलेला माणूस काही दिवसांत खाली येताना सगळ्या वॉर्डाला दिसतो. खाली बसलेला तसाच बसून राहतो आणि त्याच्यावर दोन ओळी लिहून लेख पुढे सरकतो.

दुसरी चढण पहिलीपेक्षा सोपी गेली असे म्हणवत नाही, पण तिच्यात आशा कमी असल्यामुळे त्रासही कमी झाला. २७ सप्टेंबरला ५०, दसऱ्याच्या आदल्या दिवशी १००, १८ ऑक्टोबरला २००. सासूबाईंनी सकाळचा प्रश्न बदलला होता. आता त्या रात्री नऊ वाजता विचारत, "गोळी घेतलीस का?" याचे उत्तर मला देता येत असे. दिवाळीत मी चकल्यांच्या सोऱ्याला हात लावला नाही आणि नरकचतुर्दशीला सर्वांत शेवटी, दहा वाजता, अंघोळ केली. कारेटे मात्र फोडले.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी स्टेशनवरून येताना भाजीवाल्याने कोथिंबिरीच्या जुडीचे चाळीस रुपये सांगितले. जुडी कसली, दोन बोटांत मावेल एवढी, आणि तिची अर्धी पाने पिवळी. मी म्हटले, "चाळीस? पंचवीसच्या वर एक पैसा देणार नाही." तो म्हणाला, "ताई, पावसाने माल गेला." मी म्हटले, "पाऊस जाऊन महिना झाला." तीसवर आम्ही थांबलो आणि वर मी दोन मिरच्या मागून घेतल्या. घरी आले, भाजी ठेवली, काहीच विशेष वाटले नाही. नवरा मात्र माझ्यामागे दोन पावले होता आणि हे सगळे त्याने ऐकले होते.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी वही दोन्ही बाजूंनी उघडली. माझे गुण नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दोन आणि तीनच्या मध्ये अडकलेले होते. नवऱ्याचे चार तारखेपासूनच चार, पाच, पाच असे चढत होते आणि एका दिवसापुढे त्याच्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात लिहिले होते: "कोथिंबिरीवरून घासाघीस केली. सहा." त्या दिवशी मी स्वतःला तीन दिले होते. डॉक्टर म्हणाले की असे पुष्कळदा दिसते. मोजायचे असते ज्या मनाने, तेच आजारी असल्यामुळे सुधारणेची नोंद त्यात सर्वांत शेवटी होते. मी हिशेबनीस असूनही माझी खतावणी पंधरा दिवस मागे चालली होती, हे मला थोडे लागले. खरे सांगायचे तर मार्चपासून मी भाव करणेच सोडले होते. कोणी सांगेल तेवढे पैसे देऊन येत होते आणि घरात ते कोणाच्याही लक्षात आले नव्हते, फक्त महिन्याचा भाजीचा खर्च वाढला होता.

२०२५ चा गणपती २७ ऑगस्टला आला. या वेळी मी एक पाकीट पर्समध्ये ठेवले आणि नवऱ्याने एक त्याच्या बॅगेत. गावी पोहोचल्यावर सासूबाईंनी पूजेचा डबा उघडला, तर त्यात वाती आणि कापराच्या पुडीखाली तिसरे पाकीट होते, आणि त्यातली गोळी रात्री हातावर घेतली तर तिला कापराचा वास येत होता.