मागचे खाते

रविवारी दुपारी वीज गेली आणि कूलर थांबला, एवढेच खरे तर घडले. जळगावात एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी अडीच वाजता कूलर थांबला की माणसाला एका जागी बसवत नाही, आणि झोप तर लागतच नाही. म्हणून मी कपाट आवरायला काढले आणि खालच्या कप्प्यात, जुन्या बांगड्यांच्या डब्यामागे, दिवाळीत आणलेला कलपाचा खोका सापडला. खोक्यावरच्या मुलीचे केस इतके दाट आणि काळेभोर आहेत की तिला कलपाची गरज का भासली असावी, हे कोडे मला दिवाळीतही सुटले नव्हते. आत दोन नळ्या, पातळ हातमोजे आणि असंख्य घड्यांचा एक कागद होता. कागदावरच्या सूचना वाचायला मी चष्मा लावला, आणि हा खोका सहा महिने तसाच का पडून राहिला ते मला लगेच आठवले.

अडचण अशी की केस पिकण्याचे आणि जवळचा चष्मा लागण्याचे वय साधारण एकच असते. कानशिलावरचे पांढरे केस दिसायला चष्मा हवा, आणि चष्म्याच्या काड्या नेमक्या त्याच कानशिलावर टेकलेल्या असतात. चष्मा काढावा तर रंग केसांना लागतो आहे की कपाळाला, ते कळत नाही. ठेवावा तर काडी रंगते आणि तिच्याखालची पट्टी पांढरीच राहते. माझ्या एका मैत्रिणीने काड्यांना पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल लावून पाहिली होती. रंग बरा बसला, पण त्या अर्ध्या तासात कुरिअरवाला येऊन गेला. धातूच्या भांड्यात कालवू नका, भुवयांना आणि पापण्यांना लावू नका, ४८ तास आधी कानामागे थेंबभर लावून पाहा, इतके सगळे त्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेले असते. चष्म्याचे काय करावे याविषयी एक अक्षरही नसते.

त्या ४८ तासांविषयीही मला थोडे बोलायचे आहे. कलप लावण्याची इच्छा कोणालाही दोन दिवस आधी होत नाही. उद्या लग्नाला जायचे आहे हे रात्री दहा वाजता लक्षात आले की मगच ती होते. माझ्या चुलत बहिणीने घरातल्या हळदीच्या आदल्या रात्री ‘काळी मेहंदी’ म्हणून काहीतरी लावले आणि सकाळी तिचे डोळे उघडेनात. मेहंदीच्या पानात काळा रंग नसतोच, ती पाने लालसर-नारिंगीच रंगवतात, आणि पुडीतले काळेपण बहुधा पीपीडी या रसायनाचे असते, हे तिला त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितले. पण तोपर्यंत मांडव पडला होता. त्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत ती गॉगल लावून उभी आहे आणि न कळणाऱ्यांना वाटते की मुंबईहून आलेली पाहुणी असावी.

आमच्या घरात पांढऱ्या केसांचा प्रश्न प्रथम आला तो माझ्या वडिलांमुळे. आम्ही अमळनेरला राहत होतो. मी तिसरी-चौथीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी ते ओसरीवर पालथे झोपायचे आणि मला व भावाला पांढरे केस उपटायला बसवायचे. एका केसाला पाच पैसे असा दर होता. आयुष्यातली पहिली कमाई मी वडिलांच्या डोक्यावरून केली आहे. भाऊ लबाड होता. तो एकच केस दोनदा मोजून दाखवायचा, आणि पुढे पुढे तर आजीच्या फणीतले केस आणून ठेवायचा. एक उपटला की सात येतात, असे आजी बजावत असे. त्यात तथ्य नाही, एका मुळातून एकाच वेळी सात केस यायची काही सोय नसते. पण त्या काळात आमचे उत्पन्न मात्र त्याच वेगाने वाढत गेले, आणि एका रविवारी रुपया-सव्वा रुपया मोजून देताना वडिलांनी हा व्यवहार परवडत नसल्याचे जाहीर केले. पुढच्या आठवड्यात ते बाजारातून कलपाची पुडी घेऊन आले.

तेव्हापासून महिन्यातला एक रविवार कलपाचा असे. मागच्या अंगणात निंबाखाली पाट मांडला जाई. वडील बाह्या फाटलेली बनियन घालून वर्तमानपत्र उघडून बसत. आई फुटक्या कपाच्या बशीत ती पुडी कालवी आणि बाद झालेल्या दात घासायच्या ब्रशने त्यांच्या डोक्याला लावायला घेई. पुढचे केस ते स्वतः आरशात पाहून करीत, मागचे आई करी. हे काम चालू असताना ती सगळे राहून गेलेले बोलणे उरकून घेई, कारण वडिलांना तीस मिनिटे उठून जाण्याची सोय नसे. कोणाच्या लग्नात किती आहेर करायचा, मामाला पैसे द्यायचे की नाही, दूधवाला पाणी घालतो त्याचे काय करायचे, असले कितीतरी निर्णय त्या पाटावर झाले आहेत. वडील ‘हूं’ म्हणत. मान हलवायची नसल्यामुळे त्यांना नकार देता येत नसे, असे माझे तेव्हाचे मत होते आणि ते बदलायला अजून कारण मिळालेले नाही.

मग एका वर्षी शिरपूरला आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या, खुब्याचे हाड मोडले आणि आई तीन महिने तिकडे राहिली. कलपाचा रविवार आला. वडिलांनी बशी घेतली, पुडी कालवली आणि आरशात जेवढे दिसले तेवढे सगळे व्यवस्थित काळे केले. दुसऱ्या दिवशी ते सायकलवरून निघाले तेव्हा समोरून येणाऱ्यांना ते चाळिशीचे वाटले असतील. मागून जाणाऱ्यांना मात्र साठीचे. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांनी त्यांना थांबवून अहिराणीत मोठ्याने विचारले, “पुढे काया नि मांगे धवया, हाई काय शे, भाऊ?” म्हणजे पुढे काळे नि मागे पांढरे, हे काय? ओट्यावरची सगळी माणसे हसली. वडिलांनी सायकलवरून न उतरता सांगितले, “मांगनं खातं तिनाकडे शे.” म्हणजे मागचे खाते आईकडे. आणि खरोखरच, आई येईपर्यंत ते खाते त्यांनी कोणाला दिले नाही. सलूनमध्ये दाढी करायला ते जात. तिथल्या न्हाव्याने मागचे केस रंगवून देतो म्हटले होते, पण त्यांनी नको म्हणून सांगितले.

बायकांचे तंत्र वेगळे होते. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, खापरावर पुरणाचे मांडे होतात आणि आदल्या दिवशी मेहंदी भिजते. लोखंडी कढईत, चहाच्या उकळलेल्या पाण्यात, काथाचा खडा टाकून आत्या ती रात्रभर ठेवीत. हातावर काढून उरलेली मेहंदी टाकून द्यायची कशाला, म्हणून ती थोरल्या आत्यांच्या डोक्यावर जाई. काळ्या केसांवर मेहंदी दिसत नाही. पांढऱ्या केसांवर तेवढी ती नारिंगी उठते. म्हणजे जे लपवायचे तेच ती ठळक करून दाखवते. मोठी आत्या झोक्यावर उभी राहून उंच जायची तेव्हा उन्हात तिचा तो नारिंगी पट्टा चमकायचा आणि आम्हां मुलांना तो फारच सुंदर वाटायचा. मेहंदीनंतर निळीच्या पानांची पूड लावली की केस काळे होतात, हे तेव्हा आमच्या आत्यांना ठाऊक नसावे. किंवा ठाऊक असून त्यांना त्याची गरज वाटत नसावी. आत्या आपला रंग मिरवत असे.

पार्लरची गोष्ट मी इतका वेळ टाळली, याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी मी एकदा तिथे जाऊन आले. घरच्या खोक्याला दोनशे-अडीचशे रुपये पडतात, तिथे त्याच्या पाच-सहापट गेले. पण तक्रार पैशांची नाही. खुर्चीत बसल्याबरोबर त्या मुलीने माझा भांग दोन बोटांनी फाकवला आणि विचारले, “काकू, आधी घरी काय लावत होता?” दातांच्या डॉक्टरांपुढे सुपारीची कबुली द्यावी तसे मी मेहंदीचे सांगितले. तिने वर काही म्हटले नाही, नुसता उसासा टाकला. मग तीन नंबर की चार नंबर, अशी चर्चा झाली. तीन म्हणजे गडद तपकिरी, चार म्हणजे त्याहून उजळ. एक नंबरचा काळा लावला तर डोक्यावर टोपी घातल्यासारखे दिसेल, असे तिने स्पष्ट सांगितले, आणि माझ्या माहितीतली काही माणसे झटकन डोळ्यांपुढून गेली. अमोनियाने केसावरचे खवले उघडतात, रंगाचे बारीक कण आत शिरतात आणि पेरॉक्साइडने तिथेच फुगून मोठे होतात, म्हणून मग धुतले तरी बाहेर येत नाहीत, हेही तिने सांगितले. ती हुशार मुलगी होती. काम संपल्यावर तिने माझ्या मागे आरसा धरला. त्या आरशात पाहून ‘नाही, मला आवडले नाही’ असे म्हणणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. सगळे मान हलवतात. मीही हलवली. चष्मा माझ्या मांडीवर होता.

तीन आठवड्यांनी भांगात पांढरी रेघ उमटली. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, तेव्हा त्यात पार्लरचा काही दोष नाही. पण दोन्ही काठ काळे आणि मधून पांढऱ्या वाळूची पट्टी, अशी चैत्रातली बोरी नदी डोक्यावर घेऊन कचेरीत जायचे म्हणजे कलप न लावलेला बरा. हे प्रकरण एकदा सुरू केले की दर महिन्याला हप्ता भरावा लागतो. आणि हप्ता दर महिन्याला घरी भरावा की बाहेर, हाच तर सगळा प्रश्न आहे.

गंमत अशी की हा रंग मुळात घरातच जन्मला. १८५६ साली विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा लंडनमध्ये सुट्टीत घरी बसून हिवतापावरचे क्विनीन बनवायला गेला आणि हाती आला तो जांभळा रंग. दगडी कोळशाच्या डांबरातून रंग काढण्याची विद्या तिथून फोफावली. पुढे १९०७ साली पॅरिसमध्ये यूजीन श्युलर या तरुण रसायनशास्त्रज्ञाने आपल्या लहानशा घरात केसांचा रंग तयार केला, आणि विकला तो गावातल्या केशकर्तनालयांना. म्हणजे घरी की पार्लरमध्ये, हा घोळ पहिल्या दिवसापासूनचाच आहे.

त्याहीपूर्वीची माणसे सरळ होती. अमळनेरला सखाराम महाराजांच्या वाडी संस्थानात वैशाखातल्या उत्सवात कीर्तन ऐकायला आजी मला घेऊन जात असे. तिथे दशरथाची गोष्ट ऐकली होती. राजाला आरशात कानाजवळ एक पांढरा केस दिसला आणि त्याने रामाला राज्य द्यायचे ठरवले. एकच केस! त्याच्याकडे कलपाची पुडी असती तर रामायण दहा-बारा वर्षे तरी पुढे गेले असते. आणि कौसल्येने मागचे पाहून दिले असते तर आणखी पाच.

‘हे केस काही उन्हात पांढरे झाले नाहीत’ असे लोक अधिकाराने म्हणतात. जळगाव-भुसावळकडच्या माणसाने ते जपून म्हणावे, असे मला वाटते. ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या उन्हात महिना-दीड महिना काढलेल्या डोक्याकडे पाहून ऐकणारा तेवढी शंका घेणारच. माझे नक्की कशाने झाले, ते मी सांगू शकत नाही. वडिलांचेही लवकर झाले होते, एवढे आहे. आईचे मात्र साठीपर्यंत काळे होते. माक्याच्या तेलाने, असे ती म्हणते. वडिलांनी निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी कलपही निवृत्त केला, तेव्हा सगळ्यांत मोठा विरोध तिचाच होता. आपण आता एका म्हाताऱ्याबरोबर फिरतो असे लोकांना वाटेल, अशी तिची तक्रार होती. खरे कारण ते नसावे. महिन्यातला तो अर्धा तास तिच्या हातून गेला होता.

साडेचारच्या सुमारास वीज आली. कूलर घरघरला, ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला. मी खोका हातात घेऊनच बाहेर गेले, नवऱ्याकडे पाठ केली, अंबाडा सोडला आणि मागे पांढरे किती आहेत ते पाहायला सांगितले. त्याने केस बोटांनी बाजूला करून करून, मला वाटले होते त्यापेक्षा बराच वेळ, अगदी मन लावून पाहिले.

“मागे काही नाही,” तो म्हणाला.

त्याचा चष्मा टीव्हीजवळ होता, हे मी येतानाच पाहिले होते. मी खोका पुन्हा बांगड्यांच्या डब्यामागे ठेवला. त्याच्यावरची मुदत सप्टेंबरपर्यंतची आहे.