किमो कोणाची थांबवायची, हे ठरवत कसं होतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी कॅन्सरची डॉक्टर आहे असं कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न येतो : कोविडमध्ये कोणाची किमो चालू ठेवायची, कोणाची थांबवायची, हे तुम्ही ठरवत कसं होतात?

यादी होती, पण ती आजारांची होती. रक्ताचा तीव्र कॅन्सर थांबत नाही. तिथे चर्चेला जागाच नव्हती. हॉर्मोनवर पोसणारा स्तनाचा कॅन्सर गोळ्यांवर काही महिने धरून ठेवता येतो, प्रोस्टेटचा इंजेक्शनांवर. खरा पेच तोंडाच्या कॅन्सरचा. तंबाखूमुळे आपल्याकडे तो उदंड, वाढतो झपाट्याने, आणि ऑपरेशन करायचं ते नेमकं विषाणूने ठाण मांडलेल्या नाका-तोंडाच्या वाटेवर. सर्जन जिवावर उदार झाले असं लोक म्हणतात. मी पाहिलेले सर्जन स्वॅबचा रिपोर्ट बघून, पीपीई चढवून, हिशेब करून उभे राहिले आणि मला त्याचंच जास्त कौतुक आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलात २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या दिवसांत ४९४ ऑपरेशनं झाली. त्यांतला एकही रुग्ण दगावला नाही.

किमोनंतर आठवड्या-दहा दिवसांनी रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यात ताप आला की एरवी आम्ही तासाभरात अँटिबायोटिक लावतो. २०२० मध्ये ताप म्हटल्यावर माणूस आधी स्वॅबच्या रांगेत. म्हणून पेशी वाढवायचं इंजेक्शन सढळ हाताने दिलं, आणि हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून जमेल तिथे दर आठवड्याचा डोस तीन आठवड्यांवर नेला. अर्थात, हे सगळं आमच्यापर्यंत पोचलेल्यांचं. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांत त्या मार्च ते मे या तीन महिन्यांत नवे रुग्ण आदल्या वर्षापेक्षा ५४ टक्क्यांनी घटले होते. कॅन्सर काही घटला नव्हता.

पण तुमच्या प्रश्नात जे लोक सहसा नसतात, त्यांच्याबद्दल मला बोलायचंय. ज्यांचा आजार बरा होणार नव्हता, ते यादीत सगळ्यात खाली होते. बरे होऊ शकतील त्यांना आधी, हे तत्त्व मला आजही मान्य आहे. तरी ज्याच्या हातात सहा-आठ महिनेच आहेत, त्याचे दोन लॉकडाउनमध्ये गेले, तर ते कुठल्या रकान्यात मांडायचे? काहींनी स्वतःच डोस नको म्हटलं आणि गाव गाठलं. खरं सांगायचं तर त्यांतल्या काहींचे ते महिने किमोतल्या महिन्यांपेक्षा बरे गेले. शेवटच्या टप्प्यातली किमो आमच्याकडे कधीकधी निव्वळ सवयीने दिली जाते; हे बोललं की आमच्यातल्या काहींना राग येतो.

सगळ्यांचं तसं झालं नाही. मराठवाड्यातले एक आबा, फुप्फुसाचा कॅन्सर हाडांत उतरलेला. सुनेने व्हिडिओ कॉल लावला. "मॅडम, गोळ्या संपल्यात. आबा रातभर कण्हत्यात." गोळ्या मॉर्फीनच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या कडक वेदनाशामकाच्या. त्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत, मान्यता असलेल्या ठिकाणीच मिळतात. आणि मार्च २०२० मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून रुग्ण तपासण्याच्या नियमांत अंमली औषधं फोनवरून लिहून द्यायला बंदी. म्हणजे आबांचं कण्हणं मला दिसत होतं, ऐकू येत होतं, आणि लिहून देता येत होतं ते पॅरासिटामॉल. शेवटी मुलगा ई-पास काढून, फाईल पोटाशी बांधून मोटारसायकलवर जिल्ह्याच्या गावी गेला आणि गोळ्या घेऊन आला. ज्यांच्या घरी मोटारसायकल नव्हती, त्यांचे फोन आम्हाला आलेच नसतील.

साथीच्या काळात ठिकठिकाणी ऑक्सिजनचे प्लांट उभे राहिले, चांगलंच झालं. मॉर्फीनची गोळी मात्र तालुक्याच्या गावी आजही सहज मिळत नाही.