सोलची पहाट: पाच वाजता उघडणारी चर्च

सोलमध्ये रात्री कोणत्याही उंच इमारतीच्या गच्चीवर उभं राहिलं की लाल निऑनचे क्रूस दिसतात, एका नजरेत आठ-दहा सहज. त्यातले बरेच दुकानांच्या इमारतींवरचे असतात. खाली किराणा, वर शिकवणी वर्ग, आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर चाळीस-पन्नास माणसांची मंडळी, म्हणजे एका चर्चचा समुदाय. एवढं पाहून कोरिया ख्रिस्ती देश आहे असं मात्र समजू नका. 2015च्या जनगणनेत 19.7 टक्के लोकांनी प्रोटेस्टंट आणि 7.9 टक्के लोकांनी कॅथलिक असं लिहिलं. निम्म्याहून जास्त लोकांनी ‘कोणताच धर्म नाही’ हा पर्याय निवडला.

तरीही पहाटे साडेचार-पाचला त्या मजल्यांवर दिवे लागतात. रोज. या पहाटेच्या प्रार्थनेला इथे ‘सेब्योक किदो’ म्हणतात. काकड आरतीची सवय असलेल्या मराठी माणसाला वेळेचं नवल वाटत नाही, आवाजाचं वाटतं.

क्रम साधा आहे. एक-दोन गीतं, शास्त्रपाठ, मग दहा-पंधरा मिनिटांचा उपदेश. बहुतेक ठिकाणी बायबलचं एकेक पुस्तक ओळीने चालतं, त्यामुळे पाळकाला, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूला, आवडीचे उतारे निवडून तेच तेच बोलता येत नाही. अर्ध्या तासात हे आटोपतं. मग दिवे मंद होतात आणि खरी प्रार्थना सुरू होते. पाळक एक विषय सांगतो, सगळे मिळून ‘चुयो!’ म्हणजे ‘हे प्रभू!’ अशी हाक देतात, कित्येक ठिकाणी तीनदा, आणि पुढच्याच क्षणी प्रत्येक जण आपापली प्रार्थना मोठ्याने, एकाच वेळी करू लागतो. याचं नाव ‘थोंगसोंग किदो’. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बाजारात उभं असल्यासारखं वाटतं. पण यात एक सोय आहे. सगळेच बोलत असल्यामुळे शेजारच्याला तुमचं काही ऐकू येत नाही. घरात ज्याची वाच्यता करता येत नाही ते इथे मोठ्याने म्हणता येतं.

ही पद्धत प्योंगयांगशी जोडलेली आहे, म्हणजे आजच्या उत्तर कोरियाच्या राजधानीशी. एके काळी त्या शहराला ‘पूर्वेचं यरुशलेम’ म्हणत. जानेवारी 1907 मध्ये तिथल्या चांगदेह्योन चर्चमध्ये शास्त्राभ्यासाचं शिबिर भरलं होतं. अशा शिबिराला ‘साग्योंगह्वे’ म्हणतात. ती हिवाळ्यात भरत, कारण तेव्हा शेतीची कामं थांबलेली असत. दूरदूरच्या गावांतून लोक चालत, आपापले तांदूळ घेऊन येत. रात्रीच्या सभेत सगळ्यांनी एकदम मोठ्याने प्रार्थना केली आणि मग एकेक जण उठून आपल्या पापांची कबुली देऊ लागला. तिथले पुढारी किल सन-जू यांनी तर मरणाऱ्या मित्राच्या मालमत्तेची व्यवस्था पाहताना त्यातली रक्कम ठेवून घेतल्याचं सर्वांसमोर सांगितलं आणि ती त्याच्या विधवेला परत केली. पहाटेच्या प्रार्थनेची सुरुवातही त्यांच्याच नावाने सांगतात. ख्रिस्ती होण्याआधी ते ताओपंथी साधना करत, तेव्हा अंधारात उठणं त्यांना नवं नव्हतं. पुढे 1919च्या स्वातंत्र्य जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या 33 जणांत ते होते. त्या 33 मधले 16 ख्रिस्ती होते.

श्रद्धेच्या अशा लाटेला ख्रिस्ती लोक ‘जागृती’ म्हणतात. जागृती म्हटलं की रडणं-ओरडणं तेवढं लोकांच्या लक्षात राहतं. वस्तीवर परिणाम झाला तो सभा संपल्यानंतर. लोक घरोघर जाऊन चोरलेला माल, बुडवलेलं कर्ज परत करू लागले. कबुलीच्या मागोमाग भरपाई आली नसती तर शेजाऱ्यांनी ती तमाशा म्हणून सोडून दिली असती.

यात एक धागा आपल्याकडचा आहे. 1906 मध्ये हॉवर्ड अ‍ॅग्न्यू जॉन्स्टन नावाचे अमेरिकन पाहुणे कोरियात आले आणि त्यांनी वेल्समधल्या आणि भारतात खासी डोंगरांतल्या जागृतीची हकीकत तिथल्या मंडळींना सांगितली. त्याच काळात, 1905 मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी प्रार्थनेचा गट सुरू केला होता. जानेवारीत सत्तरच्या आसपास असलेला हा गट जूनपर्यंत साडेपाचशेवर गेला आणि दिवसातून दोनदा जमू लागला. सगळ्यांनी एकदम मोठ्याने प्रार्थना करणं तिथेही घडलं. दौंडच्या रेल्वेमार्गावरचं केडगाव आणि प्योंगयांग यांत दोन वर्षांचंही अंतर नाही.

कोरियन मंडळ्या टिकल्या त्या मात्र हिशेबाच्या शिस्तीवर. 1890 मध्ये जॉन नेव्हियस या मिशनऱ्याने सोलला येऊन सल्ला दिला होता: मंडळीने आपला खर्च आपण उचलावा, प्रसार आपण करावा, कारभारही आपणच चालवावा. त्यासाठी पैसा नव्हता, म्हणून ‘सोंगमी’ची चाल रुळली. बायका प्रत्येक वेळी भात शिजवायला तांदूळ काढताना त्यातला थोडा वेगळ्या भांड्यात टाकत आणि तो चर्चला देत. कर्मवीरांचा मुष्टिफंड ठाऊक असलेल्याला हे लगेच कळेल. ज्यांच्याकडे तांदूळही नव्हता ते ‘नाल-योन्बो’ म्हणजे दिवसांचं दान करत: महिन्यातले अमुक दिवस शेजारच्या गावात शुभवर्तमान सांगायला जाणार, असं लिहून देत.

देशाच्या बहुतेक भागात 1982 पर्यंत मध्यरात्रीपासून पहाटे चारपर्यंत संचारबंदी असे. शुक्रवारची रात्रभर चालणारी प्रार्थना, ‘छोर्या’, त्या काळात वाढली. बारानंतर आत असलेल्या माणसाला चार वाजल्याशिवाय घरी जाताच येत नसे, मग झोपण्यापेक्षा प्रार्थना बरी. आता नावापुरतीच ती रात्रभराची आहे; बऱ्याच ठिकाणी मध्यरात्रीच्या आत आटोपते.

बिघडतं कुठे? उपदेशात, सगळ्यात आधी. पंधरा मिनिटांचे तीस झाले की नोकरदार गळतात आणि निवृत्त मंडळी तेवढी उरतात. दुसरी चूक माइकची. सामूहिक प्रार्थनेत पाळकाने आपला माइक चालू ठेवला की खोलीत एकच प्रार्थना ऐकू येते, बाकीचे तिचे श्रोते होतात. जाणते पाळक ‘चुयो’ झाल्यावर माइक बंद करतात आणि समारोपालाच हातात घेतात. तिसरी गोष्ट लोकांना दिसत नाही: म्हाताऱ्यांना आणायला चर्चची गाडी चारला निघते आणि ती चालवतो बहुधा कनिष्ठ पाळक. त्याला दुपारी सुटी दिली नाही तर वर्षभरात माणूस पिचतो.

‘विशेष पहाट सप्ताह’ हाही दुधारी प्रकार आहे. वर्षातून एक-दोनदा भरतो, हजेरीपत्रकावर शिक्के मिळतात, सभागृह ओसंडतं, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच वीस जण. नोव्हेंबरात सुनुंग ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा असते. तिच्याआधी शंभर दिवस आया रोज पहाटे येतात. निकाल लागल्यावर त्यातल्या किती राहतात, हे ज्या मंडळ्या मोजतात त्यांचं मला कौतुक वाटतं. मोठ्या चर्चमध्ये वडिलांची गादी मुलाला देण्याचा वादही बराच गाजला. प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट शाखेतल्या एका मोठ्या पंथाने 2013 मध्ये त्याविरुद्ध नियम केला. प्रार्थना कितीही मोठ्याने केली तरी सत्तेचा प्रश्न तिने आपोआप सुटत नाही, एवढं त्यावरून दिसलं.

इथे येऊन पाहायचं असेल तर राहत्या जागेपासून चालत पोहोचता येईल असंच चर्च निवडा. मेट्रो साडेपाचच्या सुमारास सुरू होते, म्हणजे ती उपयोगाची नाही. शेजारीच शेजाऱ्यासोबत प्रार्थना करतो याचं एक कारण हेच. जानेवारीत पारा उणे दहापर्यंत उतरतो, आणि मोठं सभागृह न तापवता तळघरातल्या छोट्या खोलीत जमण्याची रीतही आहे. मुख्य दार बंद दिसलं तर बाजूचं दार पाहा. छोट्या चर्चमध्ये बूट बाहेर काढतात. मागच्या बाकावर बसा, मराठीत मोठ्याने प्रार्थना केली तरी कुणी वळून पाहणार नाही. सांगता जाहीर होत नाही. ज्याचं झालं तो उठतो, गीतांचं पुस्तक बाकाच्या खणात ठेवतो आणि निघतो. फोनचा दिवा लावू नका. पुढच्या रांगेत कुणीतरी अजून बसलेलं असतं.