चांदीची पापणी

गेल्या मे महिन्यात गोठ्याचा सुटलेला पत्रा आमच्या चांदीच्या मागच्या मांडीत घुसला. उस्मानाबादी शेळी, दुसऱ्या वेताची, वजन 30 किलोच्या आसपास. मी धावत पोचलो तेव्हा रक्ताची चिळकांडी उडत होती. आईने जुन्या धोतराची जाड घडी जखमेवर दाबून धरली, वरून करकचून बांधली. रक्त थांबलं. चांदी उठून उभी राहिली, शेवग्याच्या पाल्याला तोंडही लावलं. माझा जीव भांड्यात पडला.

अर्ध्या तासाने हळद भरावी म्हणून मी पट्टी सोडली. गोठलेलं रक्त कापडाबरोबर निघालं आणि पुन्हा धार लागली. ही चूक माझी. पट्टी भिजली तर सोडायची नाही, तिच्यावरच दुसरी बांधायची, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

जनावरांच्या उपचारासाठीच्या 1962 या नंबरवर फोन केला. डॉक्टरांनी आल्याबरोबर आधी खालची पापणी ओढून पाहिली. गुलाबी असायला हवी ती पांढरीफटक. कान गार. छातीचे ठोके मिनिटाला 140, एरवी 70 ते 90 असतात. टाके घातले, सलाइन लावलं, रक्त तपासायला नेलं. संध्याकाळी फोन आला, हिमोग्लोबिन 9. मी म्हटलं, "साहेब, म्हणजे ठीक आहे की!"

"दादा, आज या आकड्यावर जाऊ नका."

त्यांनी जे समजावलं ते प्रत्येक शेळीवाल्याला ठाऊक असावं असं मला वाटतं. 30 किलोच्या शेळीत रक्त जेमतेम 2 लिटर. त्यातलं अर्धा-पाऊण लिटर गेलं तरी उरलेलं रक्त आधीइतकंच दाट असतं, म्हणून तपासणीत लगेच फरक दिसत नाही. शिवाय प्लीहा आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. कातडी, कान, पाय, आतडी यांच्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणजे हृदयाला आणि मेंदूला रक्त पुरतं. त्या जोरावर शेळी उभी राहते. पुढच्या काही तासांत अंगातलं आणि पोटातलं पाणी रक्तात ओढलं जातं, रक्त पातळ होतं, तेव्हा खरी तूट कळते.

तसंच झालं. सकाळी हिमोग्लोबिन साडेचारवर. रवंथ बंद, उभं केलं की धाप. छोट्या हत्तीत चांदीला घातलं, सोबत आमचा 45 किलोचा बोकड घेतला आणि तालुक्याचा दवाखाना गाठला. बोकडाच्या मानेच्या शिरेतून 350 मिली रक्त काढलं. शेळीला पहिल्यांदा रक्त देताना सहसा जुळवणी न करताही चालतं, दुसऱ्या वेळी मात्र धोका वाढतो. पहिली पंधरा मिनिटं थेंब थेंब सोडलं. थरथर सुटते का, अंगावर गांधी उठतात का, यावर डॉक्टरांचं लक्ष होतं. मी चांदीचा कान धरून बसलो होतो. पिशवी संपत आली तेव्हा तो कान माझ्या हातात कोमट लागला. थोड्या वेळाने तिने जबडा हलवला, एक घास वर आला.

दिलेल्या पेशी काही दिवसच टिकतात, तोवर तिच्या हाडांतल्या मगजाने नव्या तयार करायच्या. मी रोज सकाळी उजेडात पापणी ओढून बघायचो. आठवड्याने फिकट गुलाबी झाली, चौथ्या आठवड्यात बोकडाच्या पापणीशी ताडून पाहिली तर रंग जुळला.

धोतराच्या दोन जाड घड्या आता गोठ्याच्या मेढीला टांगलेल्या असतात.